मार्चमधला युरिया आणि जुलैमधली चाळ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कांदा साठवायच्या चाळीजवळून जाताना आधी वास आला. वाकून बघितलं तर खालच्या फटींतून काळपट पाणी ठिबकत होतं. हात आत घालून एक कांदा काढला. वरून तांबूस, चकचकीत, बाजारात कुणीही उचलावा असा. मानेपाशी अंगठा दाबला आणि अंगठा सरळ आत गेला.

त्या वर्षी आमचा एकरी उतारा शेजाऱ्यांपेक्षा जास्त होता. एप्रिलमध्ये कांदा काढला तेव्हा बांधावरून जाणारे थांबून बघायचे. शेजारच्या वावरात उळे (कांद्याचं बी) तेच, लागवडही त्याच आठवड्यातली, पाणी एकाच पाटाचं. त्यांचा कांदा आमच्यापेक्षा लहान निघाला, पण दिवाळीपर्यंत टिकला. आमच्या चाळीतला जवळपास निम्मा माल पोळ्याच्या आत उकिरड्यावर गेला.

दोन्ही वावरांत फरक एकच होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी व्हायला लागली. वडील म्हणाले, "युरियाचा अजून एक हात देऊ, फुगवण चांगली होईल." मीच पोतं फोडलं. लागवडीला तेव्हा ७५ दिवस झाले होते.

त्या एका पोत्याने काय केलं हे नीट कळायला मला पुढे दोन हंगाम लागले. ते कळताना खताबद्दलच्या माझ्या बाकीच्या समजुतीही बदलल्या, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मान का बंद होत नाही

कांदा मुळाचा भाग नाही आणि खोडाचाही नाही. कांदा म्हणजे पानांची फुगलेली बुडं. आडवा कापला की दिसणारी प्रत्येक कडी एकेका पानाचं बूड असते. रब्बीत दिवस मोठा व्हायला लागला आणि ऊन वाढलं की रोप नवी पानं काढायचं थांबवतं आणि पातीतला साठा खाली बुडांत उतरवायला लागतं. मधोमध नवं पान येत नसल्याने मान आतून पोकळ होते. पोकळ मानेला वरच्या पातीचा भार पेलत नाही आणि ती आडवी पडते. यालाच आपण माना पडणं म्हणतो. पडलेली मान सुकते, चिमटते, आणि कांद्याला वरून बूच बसतं.

याच काळात, म्हणजे साठ दिवसांनंतर, भरपूर नत्र (नायट्रोजन, म्हणजे युरियात असतं ते) मिळालं तर रोपाला वाढीचा काळ अजून संपलेला नाही असं वाटतं. मधून नवी पानं येत राहतात. मान जाड आणि हिरवी राहते, पडत नाही, आणि काढणीनंतर कितीही वाळवली तरी आतून ओली राहते. पावसाळी दमट हवेत बुरशी आणि जिवाणू त्या ओल्या मानेतून आत शिरतात. सड, काजळी, अवेळी फुटणारे कोंब या सगळ्यांना ती वाट मोकळी असते. शिवाय नत्राने वाढलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं. काढणीच्या दिवशी काट्यावर ते दिसतं आणि चाळीत आटून जातं.

मार्चमधला तो पिवळेपणाही मुळात कमतरतेचा नव्हता. पातीतला साठा खाली उतरत होता, पीक वेळेवर पक्व होत होतं. पिकलेल्या पानाला आम्ही उपाशी समजलो.

म्हणून नत्राचा हिशेब साध्या भाषेत असा: निम्मं लागवडीच्या वेळी, उरलेलं दोन हप्त्यांत तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. साठ दिवसांनंतर युरियाचं पोतं शेतात न्यायचं नाही, पात कितीही पिवळी दिसली तरी. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं तेही याच कारणासाठी.

मुळं बघितल्याशिवाय खत कळत नाही

चाळीस दिवसांचं एखादं रोप खुरप्याने सावकाश, मातीच्या ढेकळासकट उचला. पाण्याच्या बादलीत अलगद हलवून माती जाऊ द्या. हातात उरतो तो पांढऱ्या दोऱ्यांचा एक झुबका. त्याला फांद्या नसल्यात जमा आणि ज्वारी-गव्हाच्या मुळांवर असते तशी केसाळ लवही जवळपास नाही. यातली बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. कपाशी किंवा तूर खोल जाऊन आपलं अन्न शोधते. कांद्याला ते जमत नाही. वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरमध्ये असेल तेवढंच त्याचं.

याचे परिणाम दूरवर जातात. युरिया पाण्यात चटकन विरघळतो, आणि काही दिवसांत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. खत टाकून वाफे तुडुंब भरले तर ते पाण्याबरोबर वीतभराच्या खाली उतरतं आणि कांद्याच्या दृष्टीने संपतं. पुढे विहिरीच्या पाण्यात तेच निघतं. उलट, ओल्या जमिनीवर युरिया नुसता फेकून उन्हात ठेवला तर त्याचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. आपल्या चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत हे जास्तच होतं. वाफ्यात नुकता टाकलेला युरिया सकाळी नाकाला झोंबतो, तो वास म्हणजे आपले पैसेच. म्हणून वापशावर, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत असताना, खत द्यायचं, खुरपणीबरोबर मातीत मिसळायचं आणि पाठोपाठ हलकं पाणी सोडायचं.

आता किती द्यायचं ते बघू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ५० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची रब्बीची मात्रा थोडी वेगळी आहे. ११० नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश, आणि गंधकाचा आकडा त्यात स्वतंत्र दिलेला असतो. त्याच संचालनालयाच्या हिशेबाने हेक्टरी ४० टन कांदा जमिनीतून साधारण ९० ते ९५ किलो नत्र उचलतो. म्हणजे एकरी १६० क्विंटल माल काढणारं पीकही एकरी चाळीस किलोच्या आतच नत्र घेतं.

चाळीस किलो नत्र म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांच्या हिशेबाने दोन पोतीसुद्धा पुरती नाहीत. शेणखत, डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं खत) किंवा १०:२६:२६ (आकडे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) मधून नत्र येत असेल तर त्याहूनही कमी. डीएपीच्या एका पोत्यातच ९ किलो नत्र असतं. हे वजा करायचं आपण हमखास विसरतो. आमच्या भागात एकरी चार पोती युरिया ओतणारे शेतकरी मला माहीत आहेत, आणि एके काळी आम्हीही त्यातलेच होतो.

यात दोष फक्त शेतकऱ्याचा नाही. १ एप्रिल २०१० पासून केंद्राने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान सुरू केलं, पण युरिया त्याच्या बाहेर ठेवला. स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे भाव चढले, युरियाचं पोतं मात्र स्वस्तच राहिलं. एकच पोतं परवडत असेल तर माणूस स्वस्त तेच उचलणार, आणि वर त्याचा हिरवागार रंग चार दिवसांत डोळ्यांना दिसतो. पालाशाचं काम असं डोळ्यांना दिसत नाही.

डीएपी की सुपर?

माझ्या मते कांद्याच्या खतातला सगळ्यात मोठा निर्णय हा आहे, आणि नेमकी याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

एकरी २० किलो स्फुरद द्यायचं आहे असं धरा. डीएपीचं एक पोतं घेतलं की काम झालं, त्यात २३ किलो स्फुरद आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, म्हणून अडीच पोती लागतात. अडीच पोती आणायची, उतरवायची, पसरायची, त्यापेक्षा एक पोतं सोपं. असंच करत करत गावंच्या गावं सुपरवरून डीएपीवर गेली. पण सुपरमध्ये स्फुरदाच्या जोडीला ११ टक्के गंधकही असतो. अडीच पोत्यांत जवळपास १४ किलो. डीएपीत गंधक मोजण्याइतकाही नसतो. पोतं बदललं आणि कुणाच्या लक्षात न येता दरवर्षीचा गंधक शेतात यायचा बंद झाला.

कांद्याला हे इतर पिकांपेक्षा जास्त बोचतं. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी काढणारं जे काही आहे ते गंधकाचंच संयुग. अख्ख्या कांद्यात त्याचा वास नसतो. सुरी फिरली की पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली गंधकाची अमिनो आम्लं आणि विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि तो झोंबरा वायू तयार होतो. गंधकच कमी पडला तर तिखटपणा उतरतो, आणि गंधकाशिवाय प्रथिनं नीट बनत नसल्याने दिलेल्या नत्राचाही पुरता उपयोग होत नाही. म्हणजे गंधकाची भूक युरियाने भागवायला गेलो तर दोन्हीकडून तोटा.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात याच्या अगदी उलट उदाहरण आहे. तिथल्या व्हिडालिया भागातल्या जमिनीत गंधक कमी, म्हणून तिथला कांदा गोडसर, कोशिंबिरीत कच्चा खायचा. त्यांचा बाजार त्या गोडीवरच उभा आहे. आपला उन्हाळी कांदा फोडणीचा आणि साठवणीचा, त्याला तिखटपणा हवा.

गंधक देताना वेळ चुकवू नका. सुपर किंवा अमोनियम सल्फेटमधला गंधक सल्फेटच्या रूपात असतो, तो मुळांना लगेच मिळतो. दाणेदार बेन्टोनाइट गंधक ९० टक्के असतो, पण तो मूलद्रव्य रूपातला. जमिनीतले जिवाणू त्याचं सल्फेट करतील तेव्हाच पिकाला उपयोग, आणि त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात. तो लागवडीपूर्वी मातीत गेला पाहिजे. दोन महिन्यांच्या पिकात टाकलेला दाणेदार गंधक त्या पिकाच्या कामाला क्वचितच येतो.

पालाशाबद्दल थोडक्यात. काळ्या जमिनीत तो मुळात बऱ्यापैकी असतो, पण टिकवणीसाठी तो महत्त्वाचा, म्हणून शून्यावर आणू नये. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त, सल्फेट ऑफ पोटॅश महाग. कांदा क्षारांना नाजूक असल्याने जमीन किंवा विहिरीचं पाणी खारट असेल तर सल्फेटवाला घ्यावा. त्यातून गंधकही मिळतो.

जस्त आहे, पण हाती लागत नाही

नाशिक, नगर, सोलापूरची काळी जमीन बेसॉल्ट खडकाची, आणि तिच्यात चुनखडी भरपूर. सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ. अशा जमिनीत जस्त आणि लोह नसतं असं नाही. लोह तर खूपच असतं. पण सामू वाढला की ते विरघळत नाही, आणि विरघळल्याशिवाय मुळाला घेता येत नाही. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यातलं विरघळलेलं जस्त साधारण शंभरपट घटतं. किल्ली हरवलेल्या कणगीसारखी ही जमीन. धान्य आत आहे, घरात मात्र पीठ नाही.

त्यात आपण दरवर्षी डीएपी टाकतो. स्फुरद युरियासारखा वाहून जात नाही, तो चुन्याबरोबर बांधला जाऊन मातीतच साठत राहतो, आणि स्फुरद वाढला की पिकाला जस्त घेणं आणखी अवघड होतं. म्हणून ज्याच्या माती परीक्षणात स्फुरद 'भरपूर' लिहून येतो, त्याने जस्ताच्या आकड्याकडे आवर्जून बघावं. दहा लाख भागांत ०.६ भागांपेक्षा तो कमी असेल तर एकरी आठ-दहा किलो झिंक सल्फेट उपयोगी पडतं. ते डीएपीत कालवून टाकू नका, दोघं एकमेकांना बांधून टाकतात. मुरलेल्या शेणखतात आठवडाभर मिसळून ठेवावं आणि मग द्यावं. फेरस सल्फेटचंही तसंच. चुनखडीच्या जमिनीत ते नुसतं टाकलं तर काही दिवसांत गंजासारखं होऊन बसतं.

फवारणीचा प्रश्न इथेच येतो. दोनशे लिटर पाण्यात लिटरला ५ ग्रॅमने १९:१९:१९ फवारलं तर एकरावर एक किलो खत पडतं, म्हणजे १९० ग्रॅम नत्र. पिकाची गरज चाळीस किलोची. फवारणीने नत्राची भूक भागते हे गणितातच बसत नाही. जस्त, लोह, मँगेनीज पिकाला ग्रॅमांत लागतात, त्यामुळे तिथे फवारा खरोखर काम करतो. दहा लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट, पात करपू नये म्हणून त्यात २५ ग्रॅम चुन्याची निवळी. आणि स्टिकर, म्हणजे फवारा पातीला चिकटवणारं द्रव, हवंच. कांद्याची पात उभी, गोल आणि मेणचट असते. स्टिकरशिवाय थेंब कसे घरंगळतात ते पंप खाली ठेवून एकदा वाकून बघा.

पण फवारण्याआधी पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते बघायचं. जुनी, बाहेरची पात आधी पिवळी पडत असेल तर नत्राचा संशय, कारण रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. मधली कोवळी पात फिकट असेल तर गंधक किंवा लोह, कारण ही द्रव्यं जुन्या पानातून सहज निघत नाहीत. पातीवर चांदीसारखे चट्टे दिसले तर ते फुलकिडे, आणि तिथे सूक्ष्म अन्नद्रव्यांचा काहीच संबंध नाही. नत्र जास्त झालेल्या लुसलुशीत पातीवर तेच जास्त येतात. वाफ्यात पाणी तुंबलं असेल तर मुळंच गुदमरलेली असतात. अशा वेळी पातीला काहीही पाजा, उपयोग होत नाही.

बोरॉनचं मात्र जपून. कांद्याला तो फार लागत नाही, आणि पुरेसा व जास्त यांच्यातलं अंतर अगदी थोडं. परीक्षणात कमी आल्याशिवाय देऊ नये.

दुकानात खताच्या पोत्याबरोबर एखादी बाटली गळ्यात बांधली जाते, तिच्यामागचा मजकूर वाचा. घटकांची टक्केवारी छापलेली नसेल, नुसतं 'फुगवण' आणि 'चकाकी' एवढंच लिहिलेलं असेल, तर तिथे पैसे घालू नका. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ग्रेड १ आणि ग्रेड २ या मिश्रणांवर प्रत्येक घटकाचं प्रमाण दिलेलं असतं. पहिलं जमिनीतून द्यायचं, दुसरं फवारायचं.

जमिनीच्या बाजूने

युरियाने जमीन आंबट होते असं सगळीकडे ऐकायला मिळतं. कोकणातल्या जांभ्या जमिनीत ही भीती खरी आहे. आमच्या चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल चुना पचवून टाकतो, सामू सहजासहजी उतरत नाही. आमचं दुखणं सेंद्रिय कर्बाचं आहे. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की माती पाणी दिलं की चिकट आणि वाळली की दगड होते, आणि त्या दगडात कांदा चपटा, वाकडा होतो. गंधकाचं सल्फेट करणारे, स्फुरद सोडवणारे जिवाणू जगतात ते याच कर्बावर. कांद्याच्या बिनलवेच्या मुळांना दुरून स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशीही स्फुरदाने तुडुंब भरलेल्या जमिनीत मुळांवर फारशी वाढत नाही.

आमच्याकडे पूर्वी उन्हाळ्यात धनगरांच्या मेंढ्या रात्री वावरात बसवायचे. त्या बदल्यात धान्य द्यायचे. लेंडी आणि मूत जागच्या जागी मातीत जायचं. अजूनही जिथे कळप येतात तिथे मी ते करतो, आणि त्या तुकड्यात खुरपं कसं सहज चालतं हे निंदायला येणाऱ्या बायाच आधी सांगतात. ते जमत नसेल तर एकरी पाच-सहा टन शेणखत, पण पूर्ण कुजलेलंच. कच्च्या शेणाबरोबर हुमणी ही अळी येते आणि ती कांद्याची मुळंच कुरतडते. कांद्यावर कांदा घेण्याऐवजी खरिपात मूग किंवा सोयाबीन घेतलं तर पुढच्या रब्बीला जमीन मोकळी मिळते.

माती परीक्षणाचा नमुना कांदा निघाल्यावर, मे महिन्यात घ्यावा, शेणखत पसरण्याआधी. वावरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडायची. बांध, झाड, उकिरडा आणि पाटाची जागा टाळायची. सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. माती सावलीत वाळवायची आणि खताच्या रिकाम्या पिशवीत कधीही भरायची नाही, नाहीतर अहवाल त्या पिशवीचा येतो. अर्जात गंधक, जस्त, लोह आणि बोरॉनही मागून घ्या. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, कर्ब धरून बारा घटक असतात. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश हातात आलं तर कांद्याच्या दृष्टीने अहवाल अर्धाच.

माझं ऐकून कुणी एकदम सगळ्या वावराचं खत बदलावं असं मी म्हणत नाही. या रब्बीत चार वाफे वेगळे ठेवा. त्यांना सुपर, पालाश आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत संपलेला युरिया, बाकी वावराला तुमची नेहमीची पद्धत. काढणीनंतर दोन्हीकडचा सुकवलेला कांदा जाळीच्या पिशव्यांत दहा-दहा किलो भरा, पिशव्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधा आणि चाळीत एकाच उंचीवर शेजारी शेजारी ठेवा. मग मेपासून ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला सडका वेगळा काढून चांगल्याचं वजन करा आणि चाळीच्या खांबावर खडूने लिहा.